ताटाची डावी-उजवी बाजू आधी भरा : रोजच्या जेवणातून तब्येत सुधारायची कशी

ताट वाढायची आपली पद्धत सगळ्यांना माहीत आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधे पोळी आणि भाताची मूद. आज पुण्यातल्या कितीतरी घरांत डाव्या बाजूला लोणच्याची एक फोड उरली आहे, उजवीकडे दोन चमचे बटाट्याची भाजी आणि पातळ वरण असतं, आणि मधली जागा चार पोळ्या आणि भाताने व्यापलेली असते. तब्येतीसाठी काही करायचं ठरवलं की माणूस पहिल्यांदा महागड्या पावडरी आणि परदेशी बिया शोधायला जातो. त्याची गरज नाही. पदार्थ आपलेच ठेवायचे, मापं बदलायची. दोन्ही बाजू वाढवायच्या, मधली आवरायची. पुढचं सगळं एवढ्यासाठीच आहे.

एक सूचना आधीच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पोळी-भात एकदम कमी करू नका, साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी, फळं, भाज्या यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक वाढवू किंवा बंद करू नयेत.

"मी तर बारीकच आहे" हा पुरावा नाही

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. त्यातून दिसलं ते असं : आपली बाळं जन्मताना वजनाला कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. वरून बारीक, आतून चरबी, असा हा बांधा मोठेपणीही राहतो आणि मधुमेहाला वाट करून देतो. त्याच अभ्यासात असंही आढळलं की ज्या आया पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जन्मतः अधिक भरलेली होती. इथे कुठल्या खास औषधाचा संबंध नव्हता. मेथी, पालक, पेरू, दूध अशा साध्या गोष्टी होत्या.

म्हणून वजनकाट्याआधी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता माप घ्या. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची धोक्याची रेषा आहे. आकडा तारखेसह लिहून ठेवा.

पहिला आठवडा : काही बदलू नका, फक्त तारखा टाका

तेल, मीठ आणि साखर यांचा नवा पुडा फोडाल त्या दिवशी त्याच्यावर पेनाने तारीख लिहा. घराच्या खाण्याचा सगळ्यात खरा हिशेब इथे मिळतो. "आम्ही तेल कमीच खातो" असं प्रत्येक घर सांगतं, पण पिशवी किती दिवसांत संपली ते खोटं सांगत नाही.

मीठ माणशी रोज ५ ग्रॅमच्या आत असावं, म्हणजे जेमतेम एक छोटा सपाट चमचा. चौघांचं रोजचं २० ग्रॅम झालं, तर एक किलोचा पुडा ५० दिवस चालायला हवा. लोणचं, पापड, फरसाण, पाव यांतून येणारं मीठ वेगळंच, म्हणून प्रत्यक्षात तो दोन महिने पुरला पाहिजे. महिन्यात संपत असेल तर ताटात मीठ दुप्पट जातंय.

तेलाला माणशी दिवसाला चार ते पाच छोटे चमचे बास, आणि त्यात तूपही धरायचं. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर ही वरची मर्यादा. दाण्याचं कूट, खोबरं भरपूर वापरत असाल तर अडीच लिटरवर थांबा. साखर महिन्याला दोन किलोच्या वर जाऊ देऊ नका, कारण बिस्किटं आणि मिठाईतली साखर डब्याच्या बाहेरून येते. गूळ वापरला म्हणून सूट मिळत नाही, शरीराला तो जवळजवळ साखरेइतकाच.

पोळी-भाजीला मावशी येत असतील तर "तेल कमी घाला" असं सांगून काही होत नाही. कमी म्हणजे किती, ते दोघींच्या डोक्यात वेगवेगळं असतं. चौघांसाठी रोज सकाळी १०० मिली तेल एका छोट्या बरणीत काढून ओट्यावर ठेवा आणि सांगा, "मावशी, दिवसभराचं एवढ्यात बसवा." पहिले चार दिवस भाजी खाली लागेल. त्यावर जुना उपाय आहे : कढईवर खोलगट ताटली झाका आणि त्या ताटलीत पाणी ओता. आतली वाफ आतच फिरते, भाजी स्वतःच्या पाण्यात शिजते, आणि लागलीच तर ताटलीतलं गरम पाणी आत सोडता येतं. तेलाऐवजी थंड पाण्याचा हबका मारला तर शिजणं थांबतं आणि भाजी पांचट होते.

दुसरा आठवडा : वाटीने मोजायला शिका

घरात १५० मिलीची एक वाटी ठरवून ठेवा. मापाच्या कपाने एकदा पाणी मोजून खात्री करा, कारण "एक वाटी" म्हणताना काही घरांत चक्क २५० मिलीचा वाडगा असतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये दिलेलं मार्गदर्शन हाताशी ठेवण्यासारखं आहे. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी ते साधारण असं आहे : कच्चं धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्याऐवजी अंडी, मासे, मटण) ८५ ग्रॅम, दाणे-तीळ-जवसासारख्या तेलबिया आणि सुकामेवा ३५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, तेल-तूप २७ ग्रॅम.

आता हे ताटात कसं दिसतं? मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते. एका मुदीत, म्हणजे वाटीभर शिजलेल्या भातात, ३५ ग्रॅम तांदूळ असतो. नाश्त्याच्या बशीभर पोह्यांना ५० ग्रॅम पोहे. तेव्हा सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या नि एक मूद, रात्री पुन्हा दोन पोळ्या नि एक मूद, एवढ्यात २४० ग्रॅम धान्य होतं. संध्याकाळचा पाव, खारी, टोस्ट त्याच्या वर. बैठं काम करणाऱ्याचा कोटा किती लवकर भरतो हे मोजल्याशिवाय कळत नाही.

डाळीचं नेमकं उलटं होतं. पातळ वरणाच्या वाटीत १५ ते २० ग्रॅमच डाळ असते, म्हणजे चार-साडेचार ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. पोळी-भातातून पंचवीसेक मिळतात, दूध-दह्यातून नऊ-दहा. उरलेली भरून काढायला दोन्ही वेळा दाट आमटी किंवा उसळ हवी, वाटीत निदान ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य असलेली, आणि वरून मूठभर दाणे. दाटपणाची खूण सोपी : पळीतून सोडल्यावर वरणाची धार तुटली पाहिजे, पाण्यासारखी सलग पडता कामा नये.

तिसरा आठवडा : डावी आणि उजवी बाजू

कोशिंबिरीपासून सुरुवात करा, कारण तिला शिजवावं लागत नाही. माणशी एक काकडी, किंवा एक गाजर नि अर्धा टोमॅटो, किंवा वाटीभर कोबीची पचडी. त्यात एक चमचा दाण्याचं कूट, लिंबू, मिरची, कोथिंबीर. मीठ अगदी वाढताना घाला. आधी घातलं की पाणी सुटतं, चव जाते, आणि मग "उरली" म्हणून टाकून दिली जाते. जेवायला बसल्यावर आधी ही संपवा, मग भाजी-उसळ, पोळी-भात शेवटी. एवढ्यानेही जेवणानंतरची साखर कमी उसळते, आणि तिसरी पोळी मागायची इच्छा आपोआप ओसरते.

लोणचं आणि पापड या बाजूचेच, पण ते मिठाचे. त्यांची जागा जवसाच्या, कारळ्याच्या किंवा तिळाच्या चटणीला द्या, रोज दीड-दोन छोटे चमचे. जवस मंद भाजून कुटा. जास्त भाजले की कडवट होतात, आणि अख्खे गिळले तर पचल्याशिवाय बाहेर पडतात. चटणी आठवड्याची करावी, महिन्याची नको. जवसातलं तेल लवकर खवट होतं.

उजव्या बाजूला भाजीचा खरा अडथळा खरेदीत असतो. माणशी ४०० ग्रॅम म्हणजे चौघांना आठवड्याला अकरा किलो. शनिवारी आणलेली पाच किलोची पिशवी, त्यात दोन किलो बटाटे, हे गणित जमत नाही. बटाटा भाजीत धरू नका, तो पोळी-भाताच्या खात्यात टाका. मंडई, मार्केट यार्ड, पेठेतला भाजीवाला किंवा जवळचा आठवडे बाजार, कुठूनही घ्या, पण आठवड्यातून दोनदा जा. मेथीची जुडी निवडून शिजवली की लहानशी वाटी उरते, म्हणून चौघांना दोन जुड्या. मेथी-पालकावर थांबू नका. चाकवत, शेपू, अंबाडी, राजगिरा, तांदुळजा, करडई, घोळ, मुळ्याचा पाला हे सगळं आपल्याकडे मिळतं आणि बहुतेक वेळा स्वस्तही असतं.

जुडीची दोरी घरी आल्या आल्या सोडा. न धुता, सडकी पानं काढून, सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. वर्तमानपत्रात नको, छपाईची शाई भाजीला लागते. पहिल्या दोन-तीन दिवसांत पालेभाज्या संपवा, मग दोडका, गवार, भेंडी, आणि शेवटी कोबी, भोपळा, गाजर. याच्या उलट क्रमाने शिजवलं की गुरुवारी पिवळी मेथी कचऱ्यात जाते आणि घर पुन्हा बटाट्यावर येतं. पालेभाजीवर शेवटी लिंबू पिळा, तिच्यातलं लोह शरीराला नीट मिळतं. जेवण झाल्याबरोबर चहा प्यायलात तर तेच लोह वाया जातं, मधे निदान तासभर जाऊ द्या.

मटकीला मोड

उसळ हा आपला सगळ्यात भक्कम पदार्थ, आणि नवख्यांच्या हातून ती मोडांपाशीच बिघडते. एक वाटी मटकी निवडा, खडे बघा. तीन वाट्या पाण्यात सकाळी भिजत घाला. संध्याकाळी पाणी ओतून टाका, दोनदा धुवा, चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. ही दहा मिनिटं वगळू नका. पाणी राहिलं तर मटकी चिकट होते आणि तिला आंबूस वास येतो. सुती पंचा ओला करून घट्ट पिळा, त्यात मटकी बांधा, पुरचुंडी चाळणीत ठेवून वर झाकण. उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड येतात. पुण्याच्या डिसेंबरात चोवीस तासही लागतात. तेव्हा पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये किंवा कणकेच्या डब्याशेजारच्या उबदार कोपऱ्यात ठेवा. मोड दाण्याइतके झाले की थांबा, फार लांबले की उसळ कडसर लागते. एका वाटीची जवळपास तीन वाट्या मोडाची मटकी होते. शिजवताना झाकण ठेवून सात-आठ मिनिटं पुरतात, दाणा अख्खा राहिला पाहिजे. कच्चे मोड लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना देऊ नका, त्या उबेत जंतूही वाढतात. वाफवून द्या.

कडधान्य एकदम वाढवलं की पोट फुगतं, आणि लोक "मला डाळ सोसत नाही" म्हणून सोडून देतात. मूग-मटकीपासून सुरुवात करा, पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड, मग रोज. राजमा-छोले शेवटी, रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून.

चौथा आठवडा : मधली जागा

चारातल्या दोन पोळ्या कमी करून त्यांची जागा रिकामी ठेवलीत तर रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडतो. म्हणून हा आठवडा चौथा आहे, पहिला नाही. बाजू भरल्यावरच मधलं कमी करायचं.

रात्री पोळीऐवजी भाकरी करून बघा. एका भाकरीला पाऊण वाटी पीठ लागतं, म्हणजे ती दोन पोळ्यांच्या बरोबर. भाकरीने साखर वाढत नाही हा मोठा गैरसमज आहे. तीन भाकऱ्या खाल्ल्या तर सहा पोळ्या खाल्ल्यासारखंच. तिचा फायदा असा की ती सावकाश चावून खावी लागते, तेलाशिवाय होते, आणि पिठाबरोबर कोंडाही पोटात जातो.

ज्वारी मालदांडी घ्या. दळण आठ-दहा दिवसांचंच करा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग भाकरी थापताना कडा चिरतात आणि उचलताना दोन तुकडे होतात. शिकणारा माणूस इथे हिंमत सोडतो, पण दोष हाताचा नसतो, पिठाचा असतो. विरी गेलीच असेल तर अर्ध्या पिठाची उकळत्या पाण्यात उकड काढा, उरलेलं पीठ त्यात मिसळून तळहाताने चांगलं रगडा. परातीत कोरडं पीठ पसरून थापा. तवा कडक तापलेला हवा. भाकरी टाकताना पिठाची बाजू वर ठेवा आणि लगेच ओल्या हाताने सगळीकडे पाणी फिरवा. पाणी सुकत आलं की उलटा. उशीर झाला तर तडे जातात आणि भाकरी फुगत नाही. बाजरी थंडीत, तीळ लावून. तिच्या पिठात तेलाचा अंश जास्त असल्याने ते लवकर कडू होतं, म्हणून आठवड्याचंच दळा. नाचणीत कॅल्शियम भरपूर, तेवढ्याच वजनाच्या दुधाच्या जवळपास तिप्पट. भाकरी जमत नसेल तर ताकातली आंबील करा.

भात सोडायची गरज नाही. मावळातला इंद्रायणी असो की आंबेमोहर, वाटीने मूद पाडून वाढा. पातेल्यातून डावाने वाढला की मोजमाप संपतं.

चहा, बिस्किट, बाहेरचं

चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ३२ ते ४० ग्रॅम साखर. दिवसभरात सगळ्या मार्गांनी मिळून २५ ग्रॅमवर जाऊ नये, असा हिशेब असताना. एकदम बंद केली तर आठवडाभराने माणूस परत दोन चमच्यांवर येतो. दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करा, जिभेला पत्ता लागत नाही. अमृततुल्यात साखर चहाबरोबरच उकळलेली असते, तिथे कमी करता येत नाही, म्हणून कटिंग घ्या. खारी आणि टोस्ट चहाबरोबर हलके वाटतात, पण खारीच्या पापुद्र्यांत मैद्याइतकंच लक्ष वनस्पती तुपाकडे द्यायला हवं.

पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. "मल्टिग्रेन" बिस्किटाच्या यादीत पहिलं नाव रिफाइंड व्हीट फ्लोअर असेल तर तो मैदा आहे, आणि दुसरं-तिसरं नाव साखर आणि पाम तेल असेल तर पुढची धान्यं शोभेपुरती. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ मिळतं.

मिसळीत उसळ चांगली आहे. बिघडवतात ते तर्री, फरसाण आणि पाव. फरसाण वेगळं मागा, उसळ जास्त, तर्री कमी, एक पाव, सोबत दही. भेळेत कांदा, टोमॅटो, कैरी वाढवा, शेव कमी. मस्तानी चौघांत एक.

मेसवर जेवणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि हिंजवडी-खराडीत पीजीत राहणाऱ्यांना ओटा नसतो, तरी बरंच जमतं. भात नको म्हणून सांगून त्याऐवजी उसळीची दुसरी वाटी मागा, बहुतेक मेसवाले देतात. खिशातली काकडी किंवा गाजर ही तुमची कोशिंबीर. खोलीत फुटाणे-शेंगदाण्यांचा डबा ठेवा, बिस्किटाचा पुडा नको. अंडी खात असाल तर रोज एक, त्यात सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी हा बहुतेकांचा नियम. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्याऐवजी उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी, वरीचा भात आणि दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक. भगरीचं सुटं, जुनं पीठ घेऊ नका, दमट हवेत बुरशी धरून त्यातून विषबाधा होते. अख्खी भगर बंद पाकिटात घ्या, धुवून वाळवा, घरीच दळा.

जे या ताटातून पूर्ण मिळत नाही

शाकाहारी माणसाला ब१२ जीवनसत्त्व फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळतं. मोड, पालेभाजी, डाळ कितीही खाल्ली तरी त्यांत ते नसतं. हातापायांना मुंग्या, सततचा थकवा, तोंड येणं असं काही असेल तर रक्त तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील तेवढ्याच मात्रेत गोळ्या घ्या. ड जीवनसत्त्वही जेवणातून पुरेसं मिळत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा टेप घ्या. त्याच जागी, सकाळी, चहाच्या आधी. साखर तपासायची असेल तर एचबीएवनसी करा, ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून महिन्याभरात केली तर अर्धंच चित्र दिसतं. आणि तेलाच्या पिशवीवरची तारीख बघा.